अनडेड रथांचा तोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या रविवारच्या युद्धखेळाच्या टेबलावर गेली काही वर्षं अनडेड, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठलेल्या सांगाड्यांचे, रथ धावताहेत. घरच्या नियमांचे कागद मी मित्रांना पाठवतो, ते पुढे त्यांच्या मित्रांना पाठवतात, आणि त्यामुळे प्रश्न येत राहतात. बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकाच गोष्टीचा दोनदा काथ्याकूट नको म्हणून जिथे संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

नियमांचा सांगाडा वॉरहॅमर या खेळातल्या टूम किंग्ज नावाच्या सैन्याचा आहे. पॉइंट्स (सैन्य बांधताना मोजायची प्रत्येक मॉडेलची किंमत) आणि रथाचे आकडे मात्र आमचे घरचे आहेत.

१. अनडेड रथ म्हणजे नेमकं काय? हे आलं कुठून?

वॉरहॅमर हा फँटसी युद्धखेळ इंग्लंडमध्ये १९८३ साली निघाला. नव्वदच्या दशकात त्यात मेलेल्यांचं एकच सैन्य होतं. पुढे त्याचे दोन भाग झाले: व्हॅम्पायर काउंट्स आणि टूम किंग्ज. टूम किंग्ज म्हणजे नेहेखारा नावाच्या वाळवंटी देशातले, थडग्यांतून उठलेले राजे. त्यांची मुख्य नगरी खेम्री आणि सगळ्यांत थोर राजा सेट्रा. साचा उघडच प्राचीन इजिप्तचा आहे, म्हणून त्यांचा रथही इजिप्तच्या रथासारखाच हलका, दोन घोड्यांचा आणि दोन माणसांचा. फरक इतकाच, की घोडे आणि माणसं दोन्ही हाडांची.

२०११ मध्ये या सैन्याचं नवं पुस्तक आलं. २०१५ मध्ये ते जुनं जगच कथेत संपवण्यात आलं. जानेवारी २०२४ मध्ये त्याच जुन्या जगावरचा ‘द ओल्ड वर्ल्ड’ हा खेळ निघाला तेव्हा ब्रेटोनिया या दुसऱ्या सैन्याबरोबर खेम्रीही पहिल्या फळीत परत आली. जुनी मॉडेलं माळ्यावरून खाली आली आणि हे प्रश्नही त्यांच्याबरोबर परत आले.

२. रथ आणि घोडदळ, खेळात फरक काय? दोन्ही धावतातच की.

घोडदळ शस्त्राने मारतं. रथ आधी वजनाने मारतो आणि मग शस्त्राने. चार्ज (धावून जाऊन शत्रूला भिडणं) लागला की स्वारांनी हात उचलण्याआधीच धडकेचे फटके बसतात. त्यांना टू-हिट, म्हणजे फटका लागला का हे ठरवणारा फासा, टाकावा लागत नाही; ते आपोआप लागतात. हा फायदा फक्त चार्जच्या फेरीत मिळतो. दुसऱ्या फेरीपासून रथ म्हणजे गर्दीत अडकलेली गाडी.

अनडेड असल्यामुळे आणखी दोन गोष्टी जोडल्या जातात: हे रथ कधी पळत नाहीत, आणि मंत्राने परत उभे राहतात. माझ्या मते तोल जातो तो या दोन गोष्टींमुळे. धडकेमुळे तो फारसा जात नाही. बहुतेक जण धडक पाहून घाबरतात आणि तिचाच नियम बदलत बसतात. रथ महाग आहे की स्वस्त, हे धडकेनंतरच्या फेरीत ठरतं. खालची बरीच उत्तरं याच मुद्द्यावर येऊन थांबतात.

३. एका रथाला किती पॉइंट्स लावावेत?

आमच्याकडे ५४. रथ असा: मूव्हमेंट ८ (एका चालीचे इंच), टफनेस ४ (चिवटपणा), जखमा ३ (इतक्या बसल्या की मेला), सेव्ह ५+ (फाशावर ५ किंवा जास्त आले की जखम टळते), धडक स्ट्रेंथ ४ ची (फटक्याचा जोर). दोन स्वार आणि दोन घोडे, प्रत्येकाचा एक हल्ला, स्ट्रेंथ ३.

५४ ला ३ ने भागा. एका जखमेची किंमत १८ पॉइंट्स येते. हा १८ चा आकडा पाठ करून ठेवा, कारण पुढचे सगळे हिशोब त्याच्यावरच उभे आहेत. सांगाड्यांचं पायदळ आमच्याकडे ५ पॉइंट्सला एक, घोडेस्वार ९ ला एक. तुमच्या खेळात आकडे वेगळे असतील, तरी जखमेमागे किती पॉइंट्स पडतात ते आधी काढा. रथाची किंमत मॉडेलमागे लावायची आणि बरं करण्याचा मंत्र जखमेमागे चालवायचा, ही गफलत फार जण करतात (प्रश्न ७ पाहा).

४. धडकेला डी६ ठेवू की डी३?

तीन रथांची तुकडी धरा. समोर टफनेस ३ आणि ५+ सेव्हचे भालेवाले.

डी६, म्हणजे प्रत्येक रथाचे एका फाशावर येतील तितके (१ ते ६) फटके, असेल तर सरासरी १०.५ फटके बसतात. ३+ ला जखम, म्हणजे ७. स्ट्रेंथ ४ मुळे सेव्ह ६+ वर जातो, म्हणून ५.८ माणसं पडतात. डी३ (१ ते ३) असेल तर ६ फटके, ४ जखमा, आणि पडतात ३.३.

सरासरीपेक्षा मला पसारा जास्त खटकतो. तीन डी६ ची बेरीज ७ किंवा कमी येण्याची शक्यता १६ टक्के, आणि १४ किंवा जास्त येण्याचीही तितकीच. म्हणजे साधारण दर तिसऱ्या चार्जला काहीतरी टोकाचं घडतं. चार-पाच फेऱ्यांच्या खेळात मोठा चार्ज एखादाच होतो. तो असा लहरी झाला तर दोन तासांच्या मांडणीला अर्थ उरत नाही. तीन डी३ ची बेरीज ७० टक्के वेळा ५ ते ७ मध्येच पडते. मी डी३ च वापरतो. एकटाच, मोठा आणि महागडा रथ असेल तर डी६ चालेल (प्रश्न १३ पाहा).

५. चार्ज संपला की आमचे रथ नुसते उभे राहतात. दुसऱ्या फेरीत त्यांना काहीतरी द्यायला नको का?

नको. मनापासून सांगतो, हा मोह आवरा.

वरचीच लढत घ्या. पहिल्या फेरीत धडकेने ३.३ पडले. स्वार आणि घोड्यांचे मिळून १२ हल्ले: ६ लागतात, ३ जखमा होतात, सेव्हनंतर २ उरतात. एकूण ५.३. दुसऱ्या फेरीत फक्त ते २. डी६ असता तर ७.८ वरून थेट २ वर घसरण झाली असती.

आता लढत कोण जिंकलं याचा, दोन्हीकडच्या गुणांचा, हिशोब मांडू. भालेवाले २०, पाच-पाचच्या चार रांगा. पाच पडले, पंधरा उरले, म्हणून रांगांचे २, झेंड्याचा १, आणि उलट वार करून त्यांनी केलेली सरासरी १ जखम: एकूण ४. रथांकडे ५ मेलेले, चार्जचा १ आणि झेंड्याचा १: एकूण ७. रथ ३ ने जिंकले. लीडरशिप (धीर) ७ च्या तुकडीला न पळता टिकायला आता दोन फाशांवर ७ वजा ३, म्हणजे ४ किंवा कमी हवेत. ही शक्यता १७ टक्के.

म्हणजे चार्ज नीट लागला तर सहापैकी पाच वेळा काम झालं. उरलेल्या एका वेळी दुसरी फेरी लढावी लागते आणि तिचा हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो: रथांचे २ आणि झेंडा, समोर एक जखम, एक रांग आणि झेंडा. सांगाड्यांच्या रथाने शूर माणसांच्या भिंतीसमोर अडकून पडावं, हे मला योग्यच वाटतं. दुसऱ्या फेरीत ताकद दिली तर समोरच्याने टिकून राहण्याचं कारणच संपतं.

६. पळण्याऐवजी कोसळणं, हा फायदा की तोटा?

अनडेड तुकडी लढत हरली की ब्रेक टेस्ट (तुकडी पळते का हे ठरवणारे फासे) घेत नाही. जितक्याने हरली तितक्या जखमा तिला आपोआप बसतात. याला आम्ही ‘कोसळणं’ म्हणतो. फायदा की तोटा, यावर खूप वाद ऐकले आहेत. पण हे कागदावर मांडता येतं.

तीन रथांची तुकडी, १६२ पॉइंट्स. जिवंत रथांची लीडरशिप ७ धरा, आणि पळालेली तुकडी निम्म्या वेळा पकडून संपवली जाते असंही धरा.

१ ने हार: अनडेडचं नुकसान १८, जिवंतांचं सरासरी ४७.
२ ने: ३६ आणि ५८.
३ ने: ५४ आणि ६७.
४ ने: ७२ आणि ७४.
५ ने: ९० आणि ७९.
६ ने: १०८ आणि ७९.

सांधा ४ वर आहे. चारच्या आत हरलात तर मेलेले असणं फायद्याचं, पाचच्या पुढे तोट्याचं. रथ सहसा थोडक्यातच हरतात, म्हणून एकंदरीत फायदाच. पण अनडेड रथाला चार्ज येताना पाहून पळून मागे हटता येत नाही, त्याला उभंच राहावं लागतं. जुन्या टूम किंग्जच्या सैन्याला दुप्पट वेगाने मार्चही करता येत नसे. या दोन बंधनांत तो फायदा वळता होतो असं मी मानतो आणि कोसळण्यासाठी वेगळे पॉइंट्स लावत नाही. तुम्ही मार्च करू देत असाल तर मात्र रथामागे ४ ते ५ पॉइंट्स वाढवा.

७. मंत्राने रथ परत उठवणं इतकं जड का पडतं? पायदळ उठवताना तर काहीच वाटत नाही.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर थोडं लांब आहे.

आमच्या पहिल्या नियमांत मंत्र सरळ होता: कुठल्याही अनडेड तुकडीला डी६ जखमा परत. एका रविवारी माझी चुलत बहीण माणसांचं सैन्य घेऊन बसली होती. तिने चांगली मांडणी केली, बगल राखली, धनुष्यं योग्य जागी ठेवली. माझी तुकडी तीन रथांची. खेळ संपल्यावर तिने बाजूला काढलेले मेलेले रथ मोजले, तर त्या एकाच तुकडीतून तिने सात रथ मारले होते. टेपचं टोक आत ओढत ती एवढंच म्हणाली, “दादा, मी हे सगळे मारलेत ना रे?” तिच्या खेळात चूक नव्हती. चूक माझ्या कागदात होती.

हिशोब बघा. डी६ म्हणजे सरासरी ३.५ जखमा. पायदळावर मंत्र टाकला तर परत येतात १७.५ पॉइंट्स. त्याच मंत्राने रथांवर येतात ६३. मंत्र तोच, फासा तोच, पण काम साडेतीनपट. मग कुठलाही शहाणा खेळाडू पायदळावर मंत्र वाया घालवणार नाही.

म्हणून मंत्र पॉइंट्सना बांधा. पायदळाला डी६ (१७.५ पॉइंट्स), घोडदळाला डी३ (२ जखमा, १८ पॉइंट्स), रथाला फक्त १ (१८ पॉइंट्स). आता तिन्हीकडे मंत्राची किंमत एकच झाली, आणि कुणाला उठवायचं हा खरोखर विचार करण्याचा प्रश्न झाला.

पण एवढ्याने भागत नाही. बहुतेक नियमांत आधी जखमी मॉडेल बरं होतं आणि मग मेलेलं मॉडेल एका जखमेवर उभं राहतं. पायदळाच्या सांगाड्याला एकच जखम असते, त्यामुळे तिथे अडचण नाही. रथाचं तसं नाही. एका जखमेचा रथ म्हणजे १८ पॉइंट्सचा रथ, पण पुढच्या चार्जला तो ५४ पॉइंट्सच्या रथाइतकीच धडक देतो.

यावर आम्ही मणी वापरतो. मेलेला रथ आडवा करून तुकडीच्या मागे ठेवायचा. मंत्रातून परत मिळणारी प्रत्येक जखम म्हणजे त्याच्या बेसवर (मॉडेलच्या खालच्या पाटीवर) एक काचेचा मणी. तीन मणी झाले की रथ पूर्ण ताकदीने उभा राहतो. तुकडी मधल्या काळात संपली तर मणीही गेले. समोरच्याला हे दिसत असतं: एक मणी, दोन मणी, पुढच्या मंत्राला रथ उठणार. तो त्याआधी मंत्र टाकणारा पुजारी मारायला धावतो किंवा मंत्र अडवायची ताकद राखून ठेवतो. बहिणीला हा नियम पटला, आणि त्यानंतर तो बदलावा असं आम्हाला वाटलेलं नाही.

८. जादूच्या फेरीत रथाला जादा चाल मिळते. त्या चालीने चार्ज करू द्यावा का?

टूम किंग्जच्या जुन्या पुस्तकात हे करता यायचं. त्या सैन्याची ती ओळखच होती, म्हणून नियम सरसकट काढून टाकायला माझा हात होत नाही. पण त्यात काय दडलंय ते बघा.

साधा चार्ज आमच्याकडे ८ इंच अधिक दोन फासे. शत्रू १२ इंचांवर असेल तर ९२ टक्के खात्री. १४ वर ७२ टक्के. १६ वर ४२ टक्के. अंतर वाढतं तशी जोखीम वाढते, आणि रथ खेळवण्यातली मजा याच अंदाजात आहे.

आता रथ आधी साध्या चालीने ८ इंच पुढे आला आणि जादूने आणखी ८ इंच चालून भिडला, तर १६ इंचांवरचा चार्ज पक्का. बेचाळीसचे शंभर टक्के झाले. शिवाय समोरच्याची चार्जला उत्तर देण्याची वेळही निघून गेलेली असते.

आमचा तोडगा: जादूच्या चालीने भिडता येतं, चार्जचा १ गुणही मिळतो, पण धडक मिळत नाही. गाडीला वेग यायला मोकळी धाव लागते, थांबत थांबत गेलं की ती मिळत नाही. यामुळे जादूचा चार्ज अडकवण्यासाठी आणि बगल गाठण्यासाठी उरतो, मुख्य घाव घालण्यासाठी उरत नाही.

९. तुकडीत किती रथ असावेत? आणि एका रांगेत किती?

रथाचा बेस ५० बाय १०० मिलिमीटर. २० मिलिमीटर बेसचं पायदळ पाच रुंद असेल तर त्याची आघाडी १०० मिलिमीटरची. तीन रथ मधोमध आले तर मधला पूर्ण भिडतो आणि बाजूचे दोघे निम्मे निम्मे. पाच रथ एका रांगेत आणले तर कडेचे दोघे हवेत राहतात. त्यांना धडक द्यायची नाही. जो भिडला तोच धडकतो. इथे सवलत दिली की लोक सहा-सात रथांची भिंत करून आणतात.

तीनच्या दोन रांगा केल्या तर तुकडीची खोली २०० मिलिमीटर होते. वळायला जागा लागते, बगल उघडी पडते, आणि तोफवाल्याची दिवाळी होते (प्रश्न ११ पाहा). मागच्या रांगेचा काहीतरी उपयोग हवा म्हणून आम्ही पूर्ण दुसऱ्या रांगेला रांगेचा १ गुण देतो. बस.

दोन रथांच्या तुकडीबद्दलही विचारतात. समोरून ती कुचकामी. पण सांगाड्यांचं पायदळ समोर ऐरणीसारखं उभं करा आणि दोन रथ बगलेवर घाला: शत्रूचे रांगांचे गुण गेले, बगलेचा १ मिळाला, आणि साडेतीन माणसं पडली. १०८ पॉइंट्समध्ये तीन रथांचं काम होतं. म्हणून आम्ही तुकडीची किमान संख्या तीन ठेवली आहे.

१०. समोरचा सगळं सैन्य रथांचंच आणतो. मर्यादा कशी घालावी?

टक्केवारीच्या मर्यादा मी करून पाहिल्या. लोक बरोबर त्या काठावर सैन्य बांधतात. शेवटी उपाय आपल्याच पोतडीत सापडला. अक्षौहिणीची सगळ्यांत लहान तुकडी म्हणजे पत्ती: एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ. २१,८७० रथ असलेल्या अक्षौहिणीत १,०९,३५० पायदळ असतं, प्रमाण तेच.

आमचा नियम असा: प्रत्येक रथामागे सैन्यात किमान पाच पायदळ हवं. सहा रथ हवेत तर तीस सांगाडे आणा. तीस सांगाडे म्हणजे १५० पॉइंट्स, फार जड नाही. पण ते टेबलावर जागा घेतात, हळू चालतात, आणि सैन्याला शेपूट येतं. प्राचीन रथदळाबरोबर पायदळ यायचंच, त्यामुळे डोळ्यांनाही बरं दिसतं.

बुद्धिबळात आज आपण ज्याला हत्ती म्हणतो, त्या मोहऱ्याच्या जागी चतुरंगात रथ असे. कोपऱ्यात उभा, सरळ रेषेत धावणारा, आणि प्यादी हलल्याशिवाय अडकून पडणारा. पायदळाशिवाय रथ निरुपयोगी, हे तिथेही आहेच.

११. तोफेच्या एका गोळ्यात रथ जातो. हे बरोबर आहे का?

सहाव्या आणि सातव्या आवृत्तीत स्ट्रेंथ ७ किंवा जास्तीच्या फटक्याने जखम झाली आणि सेव्ह चुकला, की रथ थेट मोडायचा, जखमा कितीही उरल्या असोत. तोफ स्ट्रेंथ १० ची धरली तर टफनेस ४ ला २+ वर जखम, सेव्ह नाही: गोळा लागला की ८३ टक्के वेळा रथ गेला.

हा नियम काढून तोफेला नुसत्या डी६ जखमा ठेवल्या तर तीन जखमांचा रथ ५६ टक्के वेळा मरतो. मी दुसरा पर्याय घेतो. ५४ पॉइंट्सच्या हलक्या रथाला पहिला नियम फारच निर्दय आहे. दोन्ही एकत्र ठेवायची तर गरजच नाही. गोळा ओळीतून आरपार जातो, त्यामुळे दोन रांगांच्या तुकडीला तो दोनदा लागतो. ती खोल तुकडीची किंमत आहे, तिथे सूट देऊ नका.

१२. दगड, झाडी, कुंपण यांतून रथ नेला तर?

जुन्या नियमांत रथ अवघड जमिनीत गेला की त्याला स्ट्रेंथ ६ चे डी६ फटके बसत. आम्ही तेच ठेवलं आहे. टेबलावर अवघड जमीन पुरेशी हवी, नाहीतर हा नियम नुसता कागदावर राहतो. चार बाय सहा फुटांच्या टेबलावर निदान पाच तुकडे मांडा आणि त्यांतले दोन मध्यभागी ठेवा. अलेक्झांडरविरुद्धच्या गौगामेलाच्या लढाईत, ख्रिस्तपूर्व ३३१ मध्ये, पर्शियाच्या तिसऱ्या दारायसने पातं लावलेल्या रथांसाठी रणांगण आधी सपाट करून घेतलं होतं. मोकळं टेबल म्हणजे तुम्ही समोरच्यासाठी तेच काम फुकटात करताय.

१३. व्हॅम्पायरांच्या ब्लॅक कोचसारख्या एकट्या रथाला हेच नियम लावायचे का?

नाही. एकटा रथ तुकडीत नसतो, त्याला रांग नाही, झेंडा नाही. त्याची किंमत सगळी एकाच मॉडेलवर लागलेली असते, म्हणून तिथे डी६ धडक चालते. कोसळण्याचा त्रासही त्याला जास्त: ४ ने हरला तर चार जखमा एकट्यालाच. त्याला मंत्राने उठवू देऊ नका, मेला की मेला. जखमी असेल तर प्रश्न ७ प्रमाणे एक जखम बरी होईल.

१४. राजा रथात बसून तुकडीत सामील झाला तर तोल जातो का?

राजा स्वतः लढवय्या असतो, आणि त्याच्यामुळे दुसऱ्या फेरीत तुकडी अचानक जिवंत होते. प्रश्न ५ मध्ये ज्या मोहाबद्दल लिहिलं आहे, तो इथे वैधपणे पुरवता येतो, कारण त्याचे पॉइंट्स राजासाठी मोजलेले आहेत. फक्त एक काळजी घ्या: राजाचं कौशल्य साऱ्या तुकडीला देणारा नियम असेल तर तो स्वारांनाच लागू करा, घोड्यांना नाही. घोडा राजासारखा तलवारबाज होत नाही.

मुख्य पुजारी मात्र रथात बसवू नका, असा माझा सल्ला. तो मेला की सगळं सैन्य ढासळायला लागतं.

१५. भालेवाल्यांनी बाजूला होऊन रथांना वाट दिली तर?

गौगामेलाला अलेक्झांडरच्या माणसांनी हेच केलं. रांगा उघडल्या, रथ मधून निघून गेले आणि मागे पकडले गेले. नियम म्हणून हा सुंदर आहे, पण फुकट देऊ नका. आमच्याकडे लीडरशिप ८ किंवा जास्तीच्या पायदळाला चार्ज आल्यावर टेस्ट घेऊन रांग उघडता येते. जमली तर प्रत्येक रथाची धडक एका फटक्यावर येते, पण त्या फेरीत पायदळाला रांगांचे गुण मिळत नाहीत. चुकली तर धडक पूर्ण बसते आणि रांगांचे गुणही जातात.

१६. भीतीचा नियम ठेवू का?

ठेवा, पण अर्धा. जुन्या आवृत्त्यांत भीती पसरवणाऱ्या आणि संख्येने मोठ्या शत्रूकडून हरलेली तुकडी टेस्ट न घेताच पळायची. धडकेच्या जोडीला हे आलं की समोरच्याच्या हातात काहीच उरत नाही. भीतीमुळे चार्ज करताना टेस्ट लागावी, तेवढं पुरे.

१७. दहा खेळ खेळलो, रथवाला सात वेळा जिंकला. पॉइंट्स वाढवू?

थांबा. दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ असल्या तरी दहा खेळांत ७-३ किंवा त्याहून एकतर्फी निकाल ३४ टक्के वेळा येतो. निकालापेक्षा इतर गोष्टी टिपा: किती चार्ज लागले, किती चुकले, मंत्राने किती पॉइंट्स परत आले, आणि दुसऱ्या फेरीत काय झालं. बाजू बदलून खेळा, तेच टेबल, तीच सैन्यं. मंत्राने परत आलेले पॉइंट्स तुकडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेले, तर निकाल काहीही असो, नियमात भोक आहे.

१८. लढत चालू असताना रथ मंत्राने उठला. त्याला त्या फेरीत धडक मिळेल का?

नाही. धडक चार्जची असते, आणि उठलेला रथ चार्ज करून आलेला नाही. तो तुकडीच्या मागच्या बाजूला उभा करा. पुढच्या रांगेत जागा रिकामी असेल तर तिथे ठेवता येईल आणि त्याचे स्वार लढतील. तुकडी सुरुवातीच्या संख्येपेक्षा मोठी कधीच होत नाही.

१९. तीन मणी पूर्ण झाले त्याच फेरीत तुकडी कोसळून संपली. रथ उठला की नाही?

आमच्याकडे यावर एकदा अर्धा तास वाद झाला. निर्णय असा: जादूची फेरी लढतीच्या आधी येते, त्यामुळे तिसरा मणी पडला त्या क्षणी रथ उभा राहिला. तो आता तुकडीचा भाग आहे, म्हणजे कोसळण्याच्या जखमा त्यालाही लागतात. आधी जुने रथ काढा, उठलेला सर्वांत शेवटी. तो एकटा वाचला तर तीच तुकडी, तोच झेंडा. आणि बेसवरचे मणी काढून डबीत ठेवा, नाहीतर पुढच्या फेरीला पुन्हा मोजणी सुरू होते.